शनिवारचं ताक

आई, निखिलला मी सांगितलं.

गेल्या रविवारी, सकाळचे पोहे खाऊन झाल्यावर, तो पेपरची घडी घालत असताना. तुम्ही असतात तर माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलली असतीत आणि स्वयंपाकघरात काहीतरी ढवळायला निघून गेला असतात. वाद नको असला की तुमच्या गॅसवर नेहमीच काहीतरी करपायला आलेलं असायचं. सांगू नकोस, असं तुम्ही मला बजावलं होतंत. मी ऐकलं नाही. पण त्याचा पश्चात्ताप होत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. कितीतरी महिन्यांनी मला नीट जेवण जातंय.

झालं असं, की तुम्ही गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात निखिल म्हणाला, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आईवर कुणीतरी लिहायला हवं, तूच लिही, तुझ्याइतकं तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. मी हो म्हटलं. प्रुफं तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईला दोन पानं लिहायला काय लागतं, असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "आणि एक नक्की लिही. तिनं मला शब्द दिला होता, आपल्या घरात बाटली येणार नाही. शेवटपर्यंत पाळला. असं कोण करतं यार?"

मी कागद घेऊन बसले. चार दिवस बसले. बाकी सगळं सुचत होतं, ते एक वाक्य काही केल्या उतरेना. दुसऱ्यांच्या लिखाणातली खोटी विधानं पेन्सिलीनं गोल करून परत पाठवायचा मला पगार मिळतो. आणि हे वाक्य मी स्वतः लिहायचं, तेही तुमच्या फोटोखाली. ते खोटं आहे हे जगात दोनच बायकांना माहीत होतं आणि त्यातली एक फोटोत होती.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं पाठ आहे, पण अंक वाचणाऱ्यांना नाही.

तुमची नात सई शिकायला पुण्याला गेली, ते वर्ष. दिल्लीतलं आपलं द्वारकेचं घर एकदम मोठं झालं. निखिलला शनिवारीही मानेसरची कंपनीची बस असायची, सव्वासहाला तो खाली उतरायचा. माझं नोएडाचं ऑफिस शनिवारी बंद. म्हणजे दिवसभर घरात तुम्ही आणि मी. आणि खरं सांगायचं तर तोवर आपण दोघी भाजी काय करायची यापलीकडे फारसं बोलत नव्हतो. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्यात भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या.

त्या सुमारास आमच्या प्रकाशनानं गुडगावला एक कार्यक्रम ठेवला, बिअर जिथल्या तिथे तयार करून देतात अशा एका हॉटेलात. कल्पना अशी की प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर एक बिअर. कवितांना ही, कादंबरीला ती. मला तो प्रकार थिल्लर वाटला आणि दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता मी तो तुम्हाला हसत हसत सांगितला. तुम्ही हसला नाहीत. "म्हणजे बाटली आणि पुस्तक एकाच टेबलावर?" असं विचारलंत. मी हो म्हटलं. कुणी आरडाओरडा केला नाही का, हा तुमचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, ओरडतील कशाला, सगळी सभ्य माणसं होती. तुम्ही जुडीतली पुढची काडी उचललीत. तीन दिवसांनी मी ऑफिसला निघताना दारात येऊन म्हणालात, "मुग्धा, ते आपल्याला घरी करता येईल का?"

द्वारका ते नोएडा मेट्रोचा सव्वा तासाचा रस्ता. एवढ्या वेळात मी रोज प्रुफाचा एक फॉर्म, सोळा पानं, वाचून काढते. त्या दिवशी एक ओळ वाचली नाही.

बिअरच्या दुकानात तुम्ही स्वतः आलात. मी घेऊन येते, तुम्ही मॉलमध्ये बाकावर बसा, असं मी सांगितलं होतं. पण बघू दे तरी म्हणत तुम्ही आत शिरलात, हातात कोथिंबीर डोकावणारी पिशवी, साडीखाली कॅनव्हासचे बूट. काउंटरवरच्या माणसानं अदबीनं विचारलं, "माताजी, अंकल के लिए?" तुम्ही चष्मा वर सरकवलात. "नहीं बेटा, मेरे लिए. इसमें कम कड़वी कौन सी है?" माझे कान तापले. त्यानं मात्र गव्हाची म्हणून एक बाटली काढली आणि तुमच्या कोथिंबिरीखाली नीट आडवी ठेवली.

पहिल्या शनिवारी तुम्ही स्टीलचे पेले काढलेत. काचेचे नकोत, कुणी आलं तर दिसेल. एक घोट घेतलात, तोंड वाकडं केलंत, काढ्यासारखं लागतंय म्हणालात आणि पेला संपवलात. एक बाटली, दोघींत. त्यापुढे आपण कधीही गेलो नाही, हे इथे मुद्दाम लिहिते.

पुस्तकं तुमचीच. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या गेस्ट हाउसमध्ये, मराठी पाहुणे उतरायचे तिथे, तुमची सगळी नोकरी झाली. खोल्यांमध्ये पाहुणे विसरून गेलेली मराठी पुस्तकं तुम्ही कपाटात वर्षभर जपून ठेवायचात, पत्ता असला तर पत्र टाकायचात, आणि तरीही कुणी नेलं नाही तर साहेबांना विचारून घरी आणायचात. त्यामुळे आपल्या घरातलं एकही पुस्तक कुणी निवडून आणलेलं नव्हतं. तीन भागांच्या एका कादंबरीचा फक्त दुसरा भाग. मधमाश्या पाळण्यावरचं एक. एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र, त्याच्या तीन प्रती, तिन्ही वेगवेगळ्या खोल्यांतून आलेल्या. तुम्ही सगळी सारख्याच मायेनं वाचायचात. मला पन्नासाव्या पानापर्यंत गोडी लागली नाही तर मी पुस्तक मिटते. यावरून आपली किती वेळा जुंपली. तुमचं म्हणणं, ज्याला पाहुणाही टाकून गेला त्याला आपणही टाकायचं का? माझं म्हणणं, पाहुण्याला कळत होतं. हा वाद मिटला नाही आणि तो मिटावा असं दोघींनाही वाटत नव्हतं.

आधी पुस्तक ठरायचं, मग बिअर आणि शेवटी ताट. पण ताट तुमच्या डोक्यात गुरुवारपासून शिजत असायचं. रडवणाऱ्या पुस्तकाला तळलेलं हवं. विनोदी पुस्तकाबरोबर तिखट नको, हसताना ठसका लागतो. आत्मचरित्राला कडूतली कडू बिअर आणि नुसते भाजलेले शेंगदाणे, कारण तुमच्या मते तो गृहस्थ स्वतःबद्दल इतकं गोड बोलतो की जिभेला आणखी काही सोसत नाही. मधमाश्यांच्या पुस्तकाला गव्हाची बिअर आणि भोपळ्याचे घारगे असा थाटाचा बेत केलात, तो साफ फसला. आणि कादंबरीच्या त्या पोरक्या दुसऱ्या भागाबरोबर काळी बिअर, खिमा आणि लोखंडी तव्यावरची जाड भाकरी. नायिका कोण, तिचा नवरा कुठे गेला, आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दुपारी तुम्ही पहिला भाग आणि तिसरा भाग मनानं रचून मला सांगितलात, दोन तास, हातवारे करून. मी एवढी पुस्तकं तपासली, इतकी चांगली कादंबरी माझ्या टेबलावर आलेली नाही.

सईची उरलेली शाळेची वही तुम्ही त्यासाठी घेतलीत. पट्टीनं चार रकाने आखलेत. पुस्तक, बिअर, ताट, शेरा.

बाबांचं तुम्ही चौथ्या की पाचव्या शनिवारी सांगितलंत. माझ्या सासऱ्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय. ते प्यायचे हे मला लग्नाआधीच निखिलनं सांगितलं होतं, पुस्तकांचं सांगितलं नव्हतं. एका रविवारी दुपारी त्यांनी सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावरून तुमची पुस्तकं एकेक करून खाली टाकली, कारण तुम्ही वाचत होतात आणि त्यांचा ग्लास रिकामा होता. निखिल आठवीत होता. तो खाली जाऊन वेचून आणत होता आणि बाबा पुन्हा टाकत होते. शेजारपाजारचे गॅलरीत उभे राहून बघत होते. त्यानंतर बाटली निघाली की तुम्ही पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जायचात आणि आतून कडी लावायचात. बाबा गेले तेव्हा निखिल एकोणीस वर्षांचा होता. दिवस झाल्यावर त्यानं तुमचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शब्द मागितला, की या घरात पुन्हा बाटली येणार नाही. तुम्ही दिलात.

"माझं काय जात होतं?" तुम्ही म्हणालात. "मी कुठे पीत होते? पण मुग्धा, टेबलावर बसून, दार सताड उघडं टाकून, बाटली समोर असताना दोन पानं वाचावीत असं मला फार वाटायचं. एकदा तरी. कुणाला न भिता."

माझ्या पेल्यातली उरलेली बिअर मी तुमच्या पेल्यात ओतली.

दार मात्र आपण उघडं टाकलं नाहीच. कडी लावूनच बसायचो, निखिलच्या भीतीनं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. गुपिताची मजा होती हेही कबूल करते. तुमच्या मुलापासून लपवलेली गोष्ट तुमच्या-माझ्यात होती आणि तिच्यामुळे मी तुमची सून कमी आणि मैत्रीण जास्त झाले होते. रिकाम्या बाटल्या तुम्ही सोमवारी कबाडीवाल्याला द्यायचात आणि त्याला दर वेळी सांगायचात, "सिरके की है," म्हणजे व्हिनेगरची. त्यानं कधी बाटली उलटी करून वास घेतला नसेल, असं मला वाटत नाही.

एकदाच पकडले जाणार होतो. कंपनीनं तो शनिवार अर्धा केला होता आणि निखिल आपल्याला सांगायला विसरला. दुपारी दीड वाजता बेल वाजली. टेबलावर अळूवडी, दोन पेले, पेल्यांवर जाड पांढरा फेस. बाटली तुम्ही पदराखाली घेतलीत आणि मी दार उघडलं. दिल्लीचा नोव्हेंबर, बाहेर धुराचं छत, निखिलचं नाक आठवडाभर चोंदलेलं. तो आत आला, पेल्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "ताक आहे? मला पण द्या." तुम्ही इतक्या चपळाईनं फ्रीजपर्यंत गेलात की तुमचे गुडघे दुखतात हे मला खोटं वाटायला लागलं. त्याला खरं ताक मिळालं. तो आपल्याबरोबर बसला, सात वड्या खाल्ल्या, आपण काय वाचतोय ते विचारलं, आणि तुम्ही पुस्तकातलं एक पान त्याला वाचून दाखवलंत. त्याला आवडलं. पुढचं काय झालं ते संध्याकाळीही विचारत होता. त्यानंतर आपण बिअरला ताकच म्हणायला लागलो.

मग तुमचं पोट दुखायला लागलं.

डॉक्टरांची ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. यकृतावर गाठी आहेत म्हणाले आणि फाइलवरून नजर न उचलता विचारलं, "अल्कोहल?" तुमच्याआधी निखिल बोलला. "नेव्हर, डॉक्टर साहब. इन्होंने ज़िंदगी में छुई तक नहीं. हमारे घर में आती ही नहीं." केवढ्या अभिमानानं म्हणाला तो. तुम्ही पंख्याकडे बघत होतात. मी माझ्या पर्सची चेन उघडझाप करत होते. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि जे लिहिलं ते खोटं होतं.

मी तीन दिवस ते पोटात ठेवलं. आपण दोघींनी मिळून स्वतःच्या हातानं हे ओढवून घेतलं, असं मला वाटत होतं. ती कल्पना माझी, पहिली बाटली माझ्या पैशांची, दर शुक्रवारी घेऊन येणारी मी. चौथ्या दिवशी रिपोर्ट आणायच्या निमित्तानं एकटी गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, किती. मी म्हटलं, आठवड्याला अर्धी बाटली. ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "उससे यह नहीं हुआ है," ते म्हणाले, "यह आँत से आया है. लेकिन आपने बताया, अच्छा किया. अब बंद." मूळ आतड्यात होतं, बाटलीत नव्हतं. मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभी राहून रडले. इतकं हलकं वाटण्यासारखं त्या दिवशी काही नव्हतं, आजार तर तोच होता. तरी वाटलं.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं आणि म्हटलं, आता निखिललाही सांगून टाकू. तुम्ही थालीपीठ थापत होतात. तुमचा हात थांबला.

"डॉक्टरला सांगितलंस ते बरं केलंस," तुम्ही म्हणालात. "निखिलला नको. त्याच्या बापानं त्याला अभिमान वाटावा असं काही ठेवलं नाही. माझा एक शब्द आहे त्याच्याजवळ. तेवढा राहू दे."

मी म्हटलं, पण तो शब्द राहिलेला नाहीये. तो एका खोट्या गोष्टीचा अभिमान बाळगतोय.

"तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून माझ्या मुलाला का दुखवतेस?"

तुम्ही म्हणालात, करपतंय बघ. तवा अजून तापलाही नव्हता. त्यानंतर मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. तुमच्या त्या वाक्यानं मी किती महिने चिडलेली होते, ते तुम्हाला कळू दिलं नाही. मला माझ्या जिवाला बरं वाटायला हवं होतंच, त्यात खोटं काही नाही. पण तेवढंच नव्हतं. तुमचा मुलगा आणि मी एका ताटात जेवतो, एका अंथरुणावर झोपतो. तुम्ही गेल्यावर हे एकटीनं त्याच्यापासून लपवत मी जन्म काढायचा, हे तुम्ही माझ्यावर टाकून चालला होतात.

शनिवार मात्र थांबले नाहीत. पेल्यात आता खरंच ताक असायचं. मी पलंगाशी बसून वाचायची आणि तुम्ही वहीत बिअरच्या रकान्यात काय हवं होतं ते लिहायचात. "काळी लागली असती." "हिला काहीच नको, ही आधीच पातळ आहे." स्वयंपाक मी करायची, तुम्ही आतून सूचना द्यायचात, आणि माझं थालीपीठ दर वेळी मोडायचं. तुम्ही तुकडे खाऊन म्हणायचात, चव बरोबर आहे, नकाशा चुकलाय. पुढे तुम्हाला तुकडाही जाईना.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनीच सांगितलं, आता जे मागतील ते द्या. तुम्ही गुरुवारी मागितलंत. शनिवारपर्यंत थांबायला तुम्हाला वेळ नसेल, असं आपल्या दोघींना वाटत होतं. निखिल खाली औषधं आणायला गेला होता. मी बाटली उघडली, पेल्यात उंचावरून ओतली आणि वरचा फेस चमच्यानं तुमच्या ओठांवर ठेवला. तुम्ही डोळे मिटून तो चाखलात. "वाच," म्हणालात. मी हाताला लागलं ते पुस्तक उघडलं आणि मधलंच एक पान वाचलं. त्या दिवशीचा शेरा माझ्या अक्षरात आहे. फक्त "जेवढं मागितलं तेवढं" एवढंच लिहिलंय.

रविवारी पहाटे तुम्ही गेलात. भेटायला येणारे म्हणत होते, सुटल्या बिचाऱ्या. मला राग यायचा, कारण मलाही तेच वाटत होतं. दर चार तासांनी तुम्हाला कूस बदलून देताना तुमच्या तोंडून जो आवाज यायचा, तो आता येणार नाही, म्हणून मी पहिल्या दिवशी सात तास झोपले. त्याची लाज वाटत होती. आता वाटत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, झोपलीस ते बरं केलंस, पाहुण्यांचा चहा कोण करणार होतं?

तर तो रविवार. मी निखिलला म्हटलं, ते वाक्य मी लिहू शकत नाही. त्यानं विचारलं, का. मी सांगितलं. सगळं, अगदी पहिल्या मेथीच्या जुडीपासून. तुमची कड घेऊन नाही सांगितलं आणि माझीही नाही. डॉक्टरांना नंतर भेटून आले तेही सांगितलं. तो ऐकत होता. मग विचारलं, "शेवटची कधी?" मी चमचाभर फेसाचं सांगितलं. तेव्हा तो खाली गेला होता, हेही सांगितलं.

"तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता," तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला. दुपारी परत आला, न जेवता पडून राहिला. पुढचे चार-पाच दिवस आम्ही मीठ दे आणि किल्ली कुठेय एवढंच बोललो. मला वाटलं, तुमचं बरोबर होतं. मी माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून त्याची आई त्याच्याकडून दुसऱ्यांदा नेली. तरीही, आई, मला त्याच्या शेजारी झोप लागत होती. माझ्याजवळ लपवायला काही नव्हतं.

काल शनिवार, पण त्याला सुट्टी होती. अकरा वाजता आंघोळ करून आला आणि म्हणाला, "ती वही दे." मी दिली. जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मी भाजी चिरत होते, माझं सगळं लक्ष त्याच्या पान उलटण्याकडे. थोड्या वेळानं तो हसला. मग आणखी एकदा हसला आणि तुमचा शेरा मला मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी तुमच्या चालीत, शेवटचा शब्द तोडून. तो तुमची इतकी हुबेहूब नक्कल करतो हे मला माहीत नव्हतं. मग बराच वेळ पान उलटलं नाही. मी जाऊन बघितलं. नोव्हेंबरचा तो शनिवार होता. तुम्ही लिहिलं होतंत: "आज निखिलही बसला. त्याला ताक. तिघांत पुस्तक छान झालं. त्याला विचारायला हवं होतं."

आपण ते वाक्य कधी बोललो नव्हतो. मला ते माहीतही नव्हतं. त्या दिवशीचं ताट मी वाचलं होतं, शेरा वाचलाच नव्हता. एवढी वर्षं प्रुफं तपासून.

"मला तेव्हा कळलं असतं तर मी थैमान घातलं असतं," निखिल म्हणाला. "तिला माहीत होतं ते. घाबरत होती ती मला. बाबांना घाबरायची तशी."

मी म्हटलं, तसं नाही.

"तसंच. कडी लावूनच बसत होतात ना?" त्यानं वही मिटली, पण हात तिच्यावरच ठेवला. "प्यायचे बाबा. आणि शब्द मी आईकडून घेतला. बाबा होते तेव्हा त्यांच्याकडे मागायची हिंमत नव्हती माझ्यात. ती नाही म्हणणार नव्हती, म्हणून तिच्याकडे मागितला."

तो रडला, आई. बाबांच्या वेळी रडला नव्हता आणि तुमच्या वेळीही लोकांसमोर धीरानं वागला होता. काल आपल्या टेबलावर, दार उघडं असताना, समोरच्या फ्लॅटमधल्या भाटियाबाई कपडे वाळत घालत असताना, पोटभर रडला. मग तोंड धुऊन आला आणि जेवायला वाढ म्हणाला. माझं थालीपीठ कालही मोडलं. त्यानं तुकडे संपवले आणि आणखी एक मागितलं.

जेवण झाल्यावर मी विचारलं, मग मंडळाच्या अंकात काय लिहू? शब्द पाळला हे तर लिहिता येत नाही, मोडला हेही मला लिहायचं नाहीये.

"लिही की तो शब्द मी परत घेतला," तो म्हणाला. "उशीर झाला, पण घेतला."

या अंकात तसंच लिहिलं आहे, आई. तुमच्यावर आता कुणाचाही शब्द नाही.